लिओनार्डचे दहा तास

भाईंदरजवळच्या उत्तन गावात, पाली भागात, चर्चवरून समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला लिओनार्डचं घर आहे. घराच्या अंगाला चिकटून एक लांबट खोली आहे. तिला सगळे जाळ्यांची खोली म्हणायचे. चाळीस वर्षं तिच्यात जाळी राहिली, दोर राहिले, पावसाळ्यात इंजिनाचे सुटे भाग राहिले आणि टोपल्यांत मीठ लावलेली मासळी राहिली. गेल्या वर्षी लिओनार्डने त्या खोलीला शटर बसवलं, जमिनीवर कोबा घातला, भिंतींना चुना मारला आणि तिला गॅरेज म्हणायला सुरुवात केली. गावानेही हळूहळू तसं म्हणायला सुरुवात केली, पण ओठाच्या कोपऱ्यात हसू ठेवून. कारण लिओनार्डकडे गाडी नव्हती.

चुन्याने भिंती पांढऱ्या झाल्या तरी वास गेला नाही. दुपारी ऊन तापलं की सुक्या बोंबलाचा वास भिंतीतून हळूच बाहेर यायचा, जसा म्हातारा माणूस जेवणं झाल्यावर ओट्यावर येऊन बसतो. लिओनार्डला तो वास येत नसे. माणसाला स्वतःच्या घराचा वास कधीच येत नाही.

तो एकतीस वर्षं तांडेल होता. होडी त्याची स्वतःची, आणि तिच्यावर पाच खलाशी. वाऱ्याचा अंदाज चुकला असं त्याच्या बाबतीत फार कमी वेळा झालं. उंच, वाकलेला, हातांच्या तळव्यांना दोरांनी पाडलेल्या रेघा. बोलायला मात्र गरीब. समुद्रावर ज्याला वाऱ्यावरून ओरडावं लागतं तो घरी आल्यावर एकतर सगळ्यांवर ओरडतो नाहीतर अगदी गप्प होतो. लिओनार्ड गप्प झाला होता. घरात बोलायचं काम त्याची बायको बर्नडेट करायची, त्याच्या वाटणीचंसुद्धा.

तीन वर्षांपूर्वी बर्नडेट गेली. फुफ्फुसं थकली होती. अकरा महिने ती मधल्या खोलीत खाटेवर होती आणि तिच्या उशाशी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन रात्रंदिवस चालायचं. ती गेली त्याच वर्षी लिओनार्डने होडी विकली. गुडघे दुखतात असं त्याने सगळ्यांना सांगितलं, आणि गुडघे दुखत होते हे खरंच होतं.

मुलगी एकच, जेनेल. ती पुण्याला खराडीत राहते, कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. वय छत्तीस. लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल विचारायचं बापाने केव्हाच सोडून दिलं होतं. दर रविवारी चर्चमधून आल्यावर तो तिला फोन लावायचा. दोघं हवापाण्याचं बोलायची, मासळीच्या भावाचं बोलायची, आणि मग दोघांपैकी एकाला काहीतरी काम आठवायचं.

आई गेल्यापासून जेनेल पाच वेळा घरी आली. पाचही वेळा ती सकाळ उलटल्यावर आली आणि दिवस मावळायच्या आत निघून गेली. एकही रात्र ती त्या घरात झोपली नाही. लिओनार्डने हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण जेनेल निघाली की तो तिच्या खोलीत जाऊन न चुरगळलेली चादर तशीच घडी करून ठेवायचा.

दोन वर्षांपूर्वी तिने विजेवर चालणारी गाडी घेतली. तेव्हापासून कारणही पक्कं झालं.

"राहिले असते रे पपा," ती फोनवर म्हणायची, "पण गाडी कुठे चार्ज करू? पुण्याहून येईपर्यंत बॅटरी पाव उरते. तुमच्याकडे एक पॉइंट नाही. वाटेत चार्ज करायचं तर तिथे लाइन. म्हणून लवकर निघावं लागतं."

दुसरा कुणी असता तर त्याने ते कारण उचलून त्याच्या खाली काय आहे ते बघितलं असतं. लिओनार्ड सरळ माणूस. इंजिन बंद पडलं तर तो इंजिन दुरुस्त करायचा, समुद्राला दोष देत बसायचा नाही. चार्जिंग नाही म्हणून मुलगी राहत नाही, तर चार्जिंग करायचं. त्याने जाळ्यांच्या खोलीला शटर बसवलं ते यासाठी.

शटर बसत होतं तेव्हा शेजारची चंद्रावती टोपली डोक्यावरून उतरवून उभी राहिली. ती कोळीण, त्याच्याच वयाची, अजून रोज भाईंदरच्या बाजारात मासळी घेऊन जाते.

"लेनार्डभाव," ती म्हणाली, "घोडा न्हाय नं तबेला बांधतंस?"

"घोडा पुण्याला हाय."

"नं दाणापाणी हितं?"

"दमून येल तर हितंच लागल ना."

चंद्रावतीने खोलीत डोकावून बघितलं, नाक मुरडलं. "गाडी येल तवा येल. पयल्यांदा बोंबलाचा वास काढ. न्हाय तर गाडी शिंकल."

चार्जर लावायला भाईंदर पश्चिमेहून बंटी आला. बंटी पंचेचाळीस वर्षांचा. डोक्याला टक्कल पडलं, मुलगी कॉलेजात गेली, पण पहिल्या दुकानात मालकाने बंटी म्हणून हाक मारली ती त्याला आयुष्यभर पुरली. स्कूटरवर पुढे दोन खोके, मागे ड्रिलची पिशवी. आल्या आल्या त्याने घराचा मीटर बघितला, फ्यूज बघितले, भिंतीवर थाप मारून बघितली.

"गाडी कौनसी है, अंकल?"

"पांढरी हाय."

बंटीने मान हलवली. अशा गिऱ्हाइकांची त्याला सवय होती. त्याने दोन्ही खोके उघडून ओट्यावर ठेवले. एक डबा मोठा, एक त्याहून लहान, दोन्हींना हाताच्या अंगठ्याएवढी जाड काळी वायर.

"हा मोठा, सात किलोवॅटचा," तो म्हणाला. "गाडी पाव उरलेली आली ना, तरी चार-सव्वाचार तासांत फुल. पण याला घराचा लोड वाढवावा लागेल. अर्ज टाकायचा, दोन-तीन आठवडे जातील. आणि हा छोटा. आहे त्या लोडवर चालतो, आज लावून देतो. पण टाइम खातो."

"किती खातो?"

"दहा तास. कभी कभी उससे ज्यादा."

लिओनार्डने बोटांवर तास मोजले. मग त्याने विचारलं, "म्हणजे दुपारी बाराला लावली तर?"

"रात्री दहा. मध्ये लाइट गेली तर अजून पुढे."

"रातचा दहा," लिओनार्ड म्हणाला. हे शब्द त्याने हातात घेऊन वजन बघितल्यासारखे उच्चारले. "छोटा लाव."

"अंकल, सगळे फास्टवाला मागतात. स्लो मागणारे तुम्ही पहिले आहात. अर्जाचं टेन्शन असेल तर मी करून देतो. सब ऑनलाइन है अभी."

"टेन्शन न्हाय. छोटा लाव."

बंटीला वाटलं, म्हातारा चिकट आहे. त्याने तसं तोंडावर दाखवलं नाही, पण मोठा डबा खोक्यात परत ठेवताना तो थोडा जोरात ठेवला.

लिओनार्डच्या मनात काय होतं ते समजायला पालीची ओहोटी ठाऊक असावी लागते.

पालीला पाणी उतरलं की किनाऱ्याच्या अलीकडे सगळा चिखल उघडा पडतो. वेळ चुकवून आलेली होडी त्या चिखलात बसते, एका अंगाला थोडी कलते, आणि मग पाणी परत चढेपर्यंत जगातला कुणीही तिला हलवू शकत नाही. खलाशी मांडीभर चिखल तुडवत घरी जातात. तांडेल जात नाही. ज्याची होडी आहे तो तिच्यातच बसतो. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही, पण पालीच्या किनाऱ्यावर चिखलात बसलेली होडी सोडून तिचा धनी घरी गेला आणि पोटभर जेवून झोपला, असं आजवर कुणी पाहिलं नाही. लिओनार्ड असा कित्येक वेळा बसला. मग बर्नडेट डब्यात भाकरी आणि आंबट कालवण भरायची, आणि लहानगी जेनेल तो डबा डोक्यावर धरून चिखलातून होडीपर्यंत यायची. बाप तिला वर ओढून घ्यायचा. पाणी येईपर्यंत दोघं होडीत बसायची. चार तास, पाच तास. इतका वेळ बापाकडे एरवी कधी नसायचा. समुद्र अडवून ठेवायचा म्हणून तो मिळायचा.

आता समुद्राचं काम डबा करणार होता. गाडी दहा तास एका जागी बसेल. जिची गाडी आहे ती गाडीपाशी बसेल. एवढं साधं गणित होतं, आणि समुद्रावरच्या त्याच्या एकतीस वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं.

बंटीने माडाच्या बाजूला खड्डा खणायला घेतला. वीज जमिनीत उतरायला तांब्याचा पत्रा पुरावा लागतो, आणि त्याच्याभोवती कोळसा आणि जाडं मीठ यांचे थर द्यावे लागतात.

"अंकल, मीठ पाहिजे होतं. पाच-सहा किलो."

लिओनार्ड आत गेला आणि मासळीला लावायच्या मिठाचं अर्धं पोतं खांद्यावर घेऊन आला.

"एवढ्यात तर पूर्ण उत्तनचं अर्थिंग होईल," बंटी म्हणाला.

"टाक. कमी नको पडायला."

संध्याकाळपर्यंत डबा भिंतीवर बसला. छातीएवढ्या उंचीवर, पांढऱ्या चुन्यावर काळा. बंटीने बटण दाबलं तसा त्यावर हिरवा दिवा लागला. चंद्रावती बाजारातून परतताना बघायला आली, पदराने घाम पुसत डब्यासमोर उभी राहिली.

"नं यानं काय होतं?"

"पोरगी रात राहील."

"डब्यानं?"

"दहा तास गाडी हलणार न्हाय. मग जाल कुठं?"

चंद्रावती हसली नाही. तिचे दोन्ही मुलगे नालासोपाऱ्याला राहायला गेले होते. "बरा हाय डबा," एवढंच ती म्हणाली आणि टोपली उचलून गेली.

जेनेल शनिवारी यायची होती. लिओनार्डने तिच्या खोलीतला पंखा पुसला. चादर धुऊन उन्हात टाकली, नवी उशी आणली. शनिवारी पहाटे बंदरावर जाऊन त्याने ओले बोंबील स्वतः निवडून घेतले. बर्नडेट करायची तसे ते पाट्याखाली दाबून ठेवले, म्हणजे पाणी निघून जातं आणि तळल्यावर कुरकुरीत होतात. दहा वाजल्यापासून तो ओट्यावर रस्त्याकडे कान लावून बसला. साडेअकराला त्याला भांडी आठवली आणि तो मागच्या दारी गेला. नेमकी तेव्हा गाडी आली. विजेची गाडी आवाज करत नाही. इंजिनाच्या आवाजावरून कुणाची होडी येते आहे ते अंधारात ओळखणारा माणूस, त्याला दारात आलेली आपल्या मुलीची गाडी ऐकू आली नाही. तो हात पुसत पुढे आला तर जेनेल शटरच्या आत उभी होती.

"पपा, तू खरंच लावून घेतलास?"

"बंटीनं लावला. मी मीठ दिलं."

तिने डब्यावरून हात फिरवला. भिंतींकडे बघितलं, कोब्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत जे आलं ते तिने गाडीची किल्ली शोधायच्या निमित्ताने खाली बघून लपवलं. गाडी उलटी घेऊन तिने आत लावली. वायर ओढून खोचली. टक् असा आवाज झाला आणि डब्यावरचा दिवा निळा होऊन मंद उघडझाप करू लागला. बारा वाजायला पाच मिनिटं होती. लिओनार्डने ते घड्याळ नीट बघून ठेवलं.

जेवण छान झालं. जेनेलने सात बोंबील खाल्ले. तिने ऑफिसातल्या एका साहेबाची नक्कल केली. लिओनार्ड हसला, आणि हसताना आपला आवाज ऐकून त्याला जरा परकं वाटलं. मग ती म्हणाली, "पडते थोडी," आणि आपल्या खोलीत गेली. लिओनार्ड ओट्यावर बसला. घरात कुणीतरी झोपलेलं असताना ओट्यावर बसणं आणि रिकाम्या घराच्या ओट्यावर बसणं यांत फार फरक असतो. तो फरक त्याच्या पाठीला कळत होता.

पंधरा मिनिटांत जेनेल बाहेर आली. चेहरा उतरलेला, कपाळावर घाम.

"गरम होतं?" त्याने विचारलं.

"हं."

"टेबल फॅन लावून देतो."

"नको पपा. हवेत बसते इथे."

ती ओट्याच्या अगदी टोकाला जाऊन बसली, गॅरेजपासून लांब. लिओनार्डने तरीही आतून टेबल फॅन आणून तिच्याकडे वळवून ठेवला. पंखा फिरू लागल्यावर तिला बरं वाटल्यासारखं दिसलं, आणि आपण बरोबर ओळखलं म्हणून त्याला समाधान वाटलं.

पाच वाजता तिने मोबाइल बघितला. "अर्धीच झाली आहे. दहा वाजणार म्हणतंय."

"घाई काय हाय," लिओनार्ड म्हणाला. त्याने आवाज शक्य तितका साधा ठेवला. "रातची गाडी न्हाय चालवायची. घाटात धुकं असतं."

"नाही, रात्री नाही निघत मी."

लिओनार्ड रस्त्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, आता चहा टाकावा. रात्रीसाठी काय करावं ते विचारावं.

"मी लॉराकडे जाते झोपायला," जेनेल म्हणाली. लॉरा तिच्या मावशीची मुलगी, मीरा रोडला राहते. "तिला मेसेज केला मगाशी. गाडी राहू दे लागलेली. सकाळी येते, गाडी घेते, निघते."

"गाडी हितं ठेवून?"

"हो मग. गाडीला कोण नेतंय?"

गाडी इथे, आणि गाडीची धनीण दुसरीकडे. असं करता येतं हे लिओनार्डच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तो तिच्याकडे बघत राहिला, पण ती चपला शोधत होती.

"लॉरासाठी बोंबील देतो," शेवटी तो म्हणाला.

त्याने स्टीलच्या डब्यात बोंबील भरले, त्याला फडकं बांधलं आणि चर्चजवळच्या रिक्षा स्टँडपर्यंत तो तिच्यासोबत चालत गेला. रिक्षात बसताना तिने डबा मांडीवर घेतला. "सकाळी आठला येते," ती म्हणाली. रिक्षा वळली, डोंगरीच्या चढावर दिसेनाशी झाली. लिओनार्ड परत आला. गॅरेजात शिरला, गाडीच्या शेजारी जाळ्याच्या जुन्या दोरांचं वेटोळं होतं, त्याच्यावर बसला. गाडी बारीक आवाजात घुमत होती. होडीच्या पोटाशी बसावं तसा तो तिच्यापाशी बसून राहिला, कारण कुणीतरी बसायला हवं होतं.

रविवारी सातच्या मिस्साची घंटा झाली. लिओनार्ड गेला नाही. तो गावात असताना, तब्येत धड असताना, रविवारी चर्चला गेला नाही असं हे पहिल्यांदाच झालं. पण जेनेल लवकर आली आणि शटर बंद दिसलं तर, असं त्याला वाटलं.

ती आठला आली. पहिल्यांदा गॅरेजातच गेली. वायर काढली, गुंडाळायला लागली, आणि गुंडाळता गुंडाळता डब्याच्या बाजूला चिकटवलेली पट्टी वाचायला वाकली.

"पपा, हा तीन किलोवॅटवाला आहे. बंटीने मोठा सांगितला नव्हता?"

"सांगितला होता."

"मग? चार तासांत झाली असती. लोडचा प्रॉब्लेम होता का?"

लिओनार्डला खोटं बोलता येत असतं तर हीच वेळ होती. लोडचं कारण समोर तयारच होतं. तो दारात उभा राहून शटरच्या पट्टीला हात घासत राहिला.

"लोडचं काय न्हाय," तो म्हणाला. "मना वाटलं, दहा तास गाडी हलणार न्हाय. मग तू राशील. चिखलात होडी बसली का राहतो तसं."

जेनेलच्या हातातली वायर थांबली. बाहेर चंद्रावती कुणावर तरी ओरडत टोपली भरत होती.

मग जेनेल बोलली ती घरातल्या बोलीत. पुण्याला गेल्यापासून ती बोली तिने जवळजवळ टाकलीच होती.

"मना हितं झोप न्हाय लागत, पपा. मम्मीचं मशीन. ते बंद झालं ना, तवा मी बाजूलाच होते. आता हितं डोळे मिटले का ते चालू होतं. काल दुपारी तर खरंच ऐकू आलं. मी उठून बसले. मग कळलं, गाडी हाय. चार्ज होताना तिचा पंखा तसाच वाजतो." ती थांबली. "चार्जिंगचं मी असंच सांगत होते. तुला खरं काय सांगू, तू तर रोज हितंच झोपतंस."

लिओनार्डने गाडीकडे बघितलं. आता ती शांत होती.

"मना तो आवाज बरा वाटला," तो हळू म्हणाला. "मशीनचा पण बरा वाटायचा. ते चालू हाय म्हंजे ती हाय. बंद झालं नं, त्याच्यानंतर मना झोप न्हाय."

एकाच घरात एकच आवाज दोघांनी अकरा महिने ऐकला होता. एकीला त्याने घराबाहेर काढलं होतं आणि दुसरा त्याच्याविना घरात अडकून पडला होता. तीन वर्षं रविवारच्या फोनवर हे कधी आलं नव्हतं. त्यांनी हवापाण्याचं बोलून घेतलं होतं.

जेनेलने पुढे होऊन बापाचा हात धरला, तळव्यातल्या रेघांवरून अंगठा फिरवला. ती राहते म्हणाली नाही. पुढच्या वेळी राहीन असंही म्हणाली नाही. नाटक करणं तिला बापासारखंच जमत नव्हतं.

"मोठा लावून घे," ती म्हणाली. "मी महिन्याला एकदा येईन. सकाळी येईन, चार वाजता जाईन. तेवढं मना जमतं. तेवढं खरं सांगते."

"चार तास," लिओनार्ड म्हणाला.

"सव्वाचार."

"आवाज?"

"मी ओट्यावर बसेन. तिथं समुद्राचा येतो."

ती निघाली तेव्हा त्याने गाडीला मागून बघून वाट करून दिली, हाताने थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, जशी होडी बाकीच्या होड्यांतून बाहेर काढावी तशी. गाडी आवाज न करता चढावर गेली.

अर्ज टाकला, लोड वाढून आला, आणि बंटी मोठा डबा घेऊन परत आला.

"मैंने बोला था ना, अंकल," तो छोटा डबा भिंतीवरून उतरवत म्हणाला. "स्लोवाल्याने काय होत नाही. लेडीज को जल्दी होती है."

"हां," लिओनार्ड म्हणाला. "तू बरोबर बोलला होतास."

बंटीला बरोबर ठरल्याचा आनंद झाला आणि तो चहा घेऊन गेला.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जेनेल आली. या वेळी लिओनार्ड भांडी सोडून रस्त्यावरच उभा होता. साडेअकराला गाडी लागली. जेवणं झाली. लिओनार्डने तिला विचारलं की पुण्याला सकाळी उठून पहिल्यांदा काय करतेस, आणि तिने सांगितलं. त्याने हे कधी विचारलं नव्हतं. मग तिने विचारलं की मम्मीच्या खाटेचं काय करायचं ठरवलंस, आणि त्याने सांगितलं की ठरवलं नाही. दुपारी ती ओट्यावर, आरामखुर्चीत, समुद्राकडे तोंड करून बसली. लिओनार्ड बाजूला पायरीवर.

बोलता बोलता ती थांबली. त्याने वळून बघितलं तर तिचे डोळे मिटले होते. हात खुर्चीच्या दांड्यावरून खाली लोंबत होता, तोंड किंचित उघडं होतं. झोपली होती. लिओनार्ड पायरीवरून हलला नाही. समोरच्या घराच्या कौलावर कावळा बसला, त्याला त्याने नुसता हात वर करून उडवला, तोंडाने आवाज केला नाही. रस्त्यावरून चंद्रावती आली. तिने ओट्याकडे बघितलं, लिओनार्डने ओठांवर बोट ठेवलं, आणि जन्मात पहिल्यांदा ती काही न बोलता पुढे गेली.

पावणेचारच्या सुमाराला गॅरेजातला आवाज बंद झाला. जेनेलला तो इतक्या लांब ऐकू येत नव्हता. लिओनार्डला येत होता. तो उठून गेला. डब्यावरचा दिवा हिरवा होता. गाडी भरली होती.

तो तिथे उभा राहिला. तिला कुणी सांगितलं नाही तर ती झोपून राहील. पाच वाजतील, सहा वाजतील. दिवस मावळला की ती घाटातून गाडी चालवत नाही. यात कुणाचा खोटेपणा नव्हता. डबा मोठा होता, गाडी वेळेत झाली होती, झोप तिची तिला लागली होती. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं हे लिओनार्डला जन्मभर जमलेलं काम होतं.

त्याने वायर काढली. ती कोमट झाली होती. नीट गुंडाळून खुंटीला लावली. मग आत जाऊन चहा टाकला, दोन कप भरले आणि ओट्यावर आला. ती तशीच होती. वाऱ्याने केस तोंडावर आले होते. तो कप हातात धरून थोडा वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला, चहावर साय धरेपर्यंत.

"जेनेल," तो म्हणाला. "गाडी झाली गो."

तिने डोळे उघडले. कुठे आहोत हे कळायला तिला थोडा वेळ लागला. मग ती खुर्चीत सरळ बसली, समुद्राकडे बघितलं, बापाकडे बघितलं.

"मी झोपले होते?"

"हां."

"किती वेळ?"

"पाऊण तास."

तिने कप घेतला. त्यावरची साय बोटाने बाजूला केली आणि चहा सावकाश प्यायली. नंतर पर्स घेतली, चपला घातल्या. लिओनार्ड शटर पूर्ण वर करायला खाली उतरला.